अख्ख्या लॅबला लिनक्स टाकणारी स्क्रिप्ट सांभाळायची कशी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा बर्डीवरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डोकावलं, तर या अटींत न बसणारे पण बाकी ठणठणीत असलेले डेस्कटॉप रांगेनं मांडलेले दिसतात. ते भंगारात घालायचे की त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) टाकायची, एवढाच प्रश्न उरतो. बजेटकडे पाहिलं की उत्तर बहुतेक वेळा लिनक्सच्या बाजूनं लागतं.

साठ मशीनवर पेनड्राइव्ह घेऊन हातानं ओएस टाकायची म्हणजे भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, डिस्क निवडा, पासवर्ड द्या आणि पुढच्या खुर्चीवर जा. अर्धी रांग झाली की कंटाळा येतो आणि चुका सुरू होतात. मग कोणीतरी हुशार लॅब असिस्टंट किंवा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं ओळीनं पाळायच्या आज्ञांची फाइल, लिहितो. मशीन नेटवर्कवरून सुरू होतं, कोणी काही न दाबता लिनक्स बसतं, सगळे खूश होतात. पुढच्या वर्षी तीच स्क्रिप्ट, एक अक्षरही न बदलता, चालेनाशी होते. कधीकधी ती चालते, पण भलतंच करून बसते, आणि ते जास्त वाईट असतं.

ओएस बसवणारा प्रोग्राम, म्हणजे इन्स्टॉलर, एकामागून एक प्रश्न विचारत जातो. आपोआप बसवायचं म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, प्रवेशाचा फॉर्म घरूनच भरून नेल्यासारखं. लिनक्सचे प्रकार अनेक आहेत. डेबियनमध्ये या फाइलला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट आणि उबुंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल. विंडोजची आपली वेगळी एक्सएमएल फाइल असते. कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठातल्या थॉमस लांगे यांनी एफएआय नावाचं असंच एक साधन १९९९ मध्ये बाहेर आणलं होतं.

कार्यालयानं फॉर्मच बदलला की घरून भरून आणलेला कागद फुकट जातो. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत नेमकं हेच झालं. २०२० च्या २०.०४ पासून आपोआप बसवण्याचं काम नव्या इन्स्टॉलरकडे गेलं. जुना काही काळ सोबत होता, नंतर तोही गेला, आणि लोकांच्या वर्षानुवर्षं जपलेल्या प्रीसीड फाइली कामातून गेल्या. नव्या फाइलची लिहिण्याची पद्धत यामल नावाची. त्यात ओळीच्या सुरुवातीची एखादी जागा इकडची तिकडे झाली तरी अर्थ बदलतो. इतका मोठा बदल निदान जाहीर होतो, लोकांना कळतो. छोटे बदल कोणी येऊन सांगत नाही.

थांबली तर बरं

डेबियनच्या इन्स्टॉलरला एखाद्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये सापडलं नाही तर तो प्रश्न स्क्रीनवर दाखवून गप्प उभा राहतो. लॅबमध्ये सकाळी येऊन पाहावं तर साठही स्क्रीन एकाच प्रश्नावर अडकलेल्या. चिडचिड होते, पण नुकसान शून्य. कुठे अडलं ते स्क्रीनवरच लिहिलेलं असतं, तेवढं उत्तर फाइलमध्ये घातलं की गाडी पुढे.

मराठी कीबोर्डाच्या बाबतीत हे हमखास होतं. रोमन अक्षरं नसलेला कीबोर्ड निवडला की इन्स्टॉलर एक जादा प्रश्न विचारतो: दोन लिप्यांमध्ये अदलाबदल कोणत्या कळीनं करायची? इंग्रजी कीबोर्डासाठी लिहिलेल्या फाइलमध्ये त्याचं उत्तर नसतंच. माझं मत विचाराल तर इन्स्टॉल करताना इंग्रजीच ठेवावा आणि इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड नंतर जोडावा, कारण लॉगिनच्या चौकटीत पासवर्ड रोमन अक्षरांतच टाकायचा असतो.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड गोड बोलून गळा कापणारा. आर्च लिनक्समध्ये ऑक्टोबर २०१९ पर्यंत 'बेस' या नावानं पॅकेजांचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा, एक गट मिळायचा आणि त्यात कर्नेल, म्हणजे ओएसचा गाभा, हाही यायचा. मग त्या गटाच्या जागी त्याच नावाचं एक पॅकेज आलं, आणि त्यातून कर्नेल वगळलेलं होतं. जुन्या स्क्रिप्टमधली 'बेस टाका' ही ओळ बिनतक्रार चालत राहिली. पॅकेजं उतरली, पण त्या मशीनमध्ये सुरू व्हायला कर्नेलच नाही. "सर, पॅकेजं तर सगळी टाकली म्हणते, मग मशीन चालू काहून नाही होत?" असं विचारणाऱ्या असिस्टंटची यात काय चूक?

डेबियनचंही एक उदाहरण घ्या, हे आर्चपेक्षा जास्त छुपं आहे. डेबियन १० पर्यंत सुरक्षा-अपडेट जिथून येतात त्या ओळीत आवृत्तीचं नाव आणि पुढे तिरकी रेघ देऊन 'अपडेट्स' असं लिहायचं. २०२१ मध्ये डेबियन ११ आलं तेव्हा ही पद्धत बदलली आणि नावाला 'सिक्युरिटी' जोडायचं ठरलं. आता समजा स्क्रिप्टमध्ये फक्त आवृत्तीचं नाव बदललं आणि ओळीची ठेवण जुनीच राहू दिली. अपडेटची कमांड चूक दाखवते, पण स्क्रिप्ट तिकडे न बघता पुढची ओळ चालवते. शेवटी मशीन सुरू होतं, मुलं त्यावर पायथन लिहायला लागतात, आणि वर्षभर त्या मशीनला एकही सुरक्षा-अपडेट मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळायला मार्ग नाही.

२०२३ च्या डेबियन १२ मध्ये वायफाय वगैरेंना लागणारं फर्मवेअर एका नव्या, वेगळ्या विभागात गेलं. जी स्क्रिप्ट इन्स्टॉलरची यादी पुसून स्वतःची जुनी यादी लिहिते, तिच्या मशीनना तो विभाग दिसतच नाही. त्याच आवृत्तीत पिप हे पायथनचं साधन वापरून सगळ्या सिस्टीमसाठी पायथनची पॅकेजं टाकायलाही मज्जाव झाला. हा बदल मात्र तोंडावर एरर फेकून सांगतो, म्हणून मला तो आवडतो.

आपल्याकडचा खास नमुना म्हणजे टाइमझोन. जगभरच्या वेळांच्या यादीत भारताचं मुख्य नाव 'एशिया कोलकाता' आहे, 'एशिया कलकत्ता' हे जुनं नाव सोयीसाठी ठेवलेलं. उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये ही जुनी नावं वेगळ्या पॅकेजात काढून ठेवली, आणि ते पॅकेज आपोआप बसत नाही. जुन्या स्क्रिप्टनं थेट कलकत्त्याच्या फाइलकडे दुवा केला असेल तर तो दुवा कुठेच पोहोचत नाही, आणि मशीन मुकाट्यानं जागतिक वेळेवर चालतं. घड्याळ साडेपाच तास मागे. प्रॅक्टिकलच्या फाइलींवर पहाटेच्या वेळा दिसायला लागल्या की मग शोधाशोध.

या सगळ्यातून स्क्रिप्ट सांभाळण्याचं पहिलं काम निघतं. तिला मोठ्यानं थांबायला शिकवायचं. शेल स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'चूक आली की थांब' अशी एका ओळीची सूचना देता येते, ती दिलेली असावी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्क्रिप्टनं स्वतःच्या अपेक्षा स्वतः तपासायच्या: मी डेबियन १२ साठी लिहिलेली आहे, समोर १३ दिसतंय, म्हणून मी पुढे जाणार नाही. अशी ओळ घातली तर नव्या आवृत्तीच्या दिवशी कोणीतरी वैतागेल. वैतागू द्या.

डिस्क कोणती?

या कामात एकच चूक अशी आहे जी परत भरून येत नाही. ती म्हणजे भलती डिस्क पुसणं. म्हणून यावर जरा थांबू या.

लिनक्समध्ये साटा डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात. एनव्हीएमई प्रकारच्या नव्या डिस्कचं नाव निराळं, एनव्हीएमई-शून्य वगैरे. ज्यानं स्क्रिप्ट लिहिली त्याच्या लॅबमध्ये सगळी मशीन सारखी होती, म्हणून त्यानं 'एसडीए' असं सरळ लिहून टाकलं. पुढे चार मशीन बिघडली, त्यांच्या जागी नवी आली आणि त्यात एनव्हीएमई. त्या चार मशीनवर एसडीए नावाची डिस्कच नाही, इन्स्टॉलर थांबला. इथवर ठीक.

आता त्याच मशीनला पेनड्राइव्ह लावून सुरू करा. पेनड्राइव्हलाही एसडीच्याच मालिकेतलं नाव मिळतं, आणि साटा डिस्क नसल्यामुळे तोच एसडीए होतो. किंवा समजा विभागप्रमुखांच्या मशीनमध्ये ओएसची एक डिस्क आहे आणि वर्षानुवर्षांचे निकाल, प्रश्नसंच, शोधनिबंध ठेवलेली दुसरी. कोणती डिस्क आधी ओळखली जाईल आणि कोणाला 'ए' मिळेल, याची हमी कर्नेल देत नाही. आज बरोबर आलं म्हणून उद्या येईलच असं नाही. डेबियनच्या अधिकृत नमुना फाइलमध्ये तर 'सापडलेली पहिली डिस्क घ्या' अशा अर्थाची एक ओळ टिप्पणी करून, म्हणजे चालणार नाही अशी, ठेवलेली आहे. एकच डिस्क असलेल्या मशीनसाठी ती छान आहे. लोक मात्र ती उचलून सगळीकडे लावतात.

उपाय असा की डिस्क नावानं निवडायची नाही, गुणांनी निवडायची. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये सर्वांत मोठी डिस्क, एसएसडी असलेली डिस्क किंवा अमुक सीरियल नंबरची डिस्क असं लिहिता येतं. डेबियनमध्ये इन्स्टॉलरच्या आधी चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमधून तेच साधायचं. पण माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ याच्याही पुढची: यूएसबीवरच्या सोडून मशीनमध्ये एकापेक्षा जास्त डिस्क दिसल्या, तर काहीही न करता थांब आणि माणसाला बोलाव. साठातली दोन-तीन मशीन हातानं करावी लागली तर बिघडलं कुठे?

उलट बाजूही आहे. मे-जूनमध्ये नागपुरात संध्याकाळी वादळ उठलं की लाइट जाते, आणि ती इन्स्टॉल संपेपर्यंत थांबत नाही. अर्धवट बसलेल्या मशीनच्या डिस्कवर जुन्या विभागण्यांच्या खुणा राहतात. एलव्हीएम ही डिस्कची जागा वाटण्याची पद्धत वापरली असेल तर डेबियनचा इन्स्टॉलर पुढच्या वेळी 'आधीचं काढून टाकू का' असं विचारून अडतो. स्क्रिप्ट कोऱ्या डिस्कवरच तपासली असेल तर हा प्रश्न कधी दिसलेलाच नसतो. त्यामुळे अर्ध्यात तोडलेल्या इन्स्टॉलवरून पुन्हा सुरुवात होते का, ही चाचणी मुद्दाम करायला हवी.

लाइटचा आणखी एक धोका फार कमी लोकांच्या लक्षात येतो. नेटवर्कवरून सुरू करण्याच्या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, नेटवर्क पहिल्या क्रमांकावर ठेवलं, लाइट परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंगही ठेवली, आणि सर्व्हरवर 'जो येईल त्याला इन्स्टॉल करा' असा मेनू. तर मग रात्री लाइट जाऊन आली की सगळी लॅब स्वतःलाच पुसून नव्यानं बसवायला लागेल. मुलांची होम फोल्डरं त्यासोबत गेली. म्हणून पीएक्सईच्या मेनूत न सांगता होणारी निवड नेहमी 'स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो' हीच असावी. इन्स्टॉल फक्त ज्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस यादीत आहे त्याचंच व्हावं, आणि काम पुरं झालं की तो यादीतून निघावा.

स्क्रिप्ट जितकी आखूड तितकी बरी

बहुतेक स्क्रिप्ट सुरुवातीला आखूड असतात. मग कोणीतरी प्रिंटर जोडतो, कोणी डेटाबेस टाकतो, कोणी डेस्कटॉपच्या मागे कॉलेजचं चिन्ह लावतो, आणि सगळं त्या एका उत्तर-फाइलच्या शेवटच्या ओळीत कोंबलं जातं. परिणाम असा की प्रिंटरचं नाव बदललं तरी ते तपासायला अख्खी ओएस पुन्हा टाकून पाहावी लागते. असल्या स्क्रिप्टला कोणी हात लावत नाही, आणि ज्या गोष्टीला हात लावायची भीती वाटते ती सांभाळली जात नाही.

त्यापेक्षा दोन भाग करा. पहिल्या भागानं फक्त डिस्क, कर्नेल, नेटवर्क आणि एक प्रशासक खातं एवढंच बसवायचं. बाकी सगळं दुसऱ्या भागात. तो भाग चालू मशीनवर कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच यायला हवा. 'फाइलच्या शेवटी ही ओळ जोड' असं लिहिलं तर तिसऱ्यांदा चालवल्यावर तीच ओळ तीनदा दिसेल. 'ही ओळ नसेल तरच जोड' असं लिहिलं तर कितीदाही चालवा. अन्सिबल नावाचं साधन याच विचारावर उभं आहे, पण साध्या शेल स्क्रिप्टमध्येही हे जमतं. फायदा असा की सत्राच्या मध्यावर एखादं सॉफ्टवेअर टाकायचं झालं तर लॅब पुसावी लागत नाही.

चाचणीसाठी खरं मशीन लागत नाही. क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्स या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये कोरी डिस्क देऊन इन्स्टॉल चालवा. एकदा जुन्या बायोस पद्धतीनं आणि एकदा त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयनं, कारण लॅबमध्ये दोन्ही प्रकारची मशीन असतात आणि त्यांची विभागणी वेगळी लागते. एकदा मुद्दाम दोन डिस्का देऊन पाहा, स्क्रिप्ट थांबते का. इन्स्टॉल झाल्यावर मशीन सुरू होतं का, लॉगिन होतं का, घड्याळ बरोबर आहे का, अपडेटची कमांड एकही एरर न देता चालते का, मराठी टाइप होतं का, हे तपासणारी आणखी एक छोटी स्क्रिप्ट लिहा. 'इन्स्टॉल झालं' हे इन्स्टॉलरनं ठरवायचं नसतं, या तपासणीनं ठरवायचं.

किकस्टार्ट वापरणाऱ्यांना एक सोय जास्त आहे: फाइलमध्ये चूक आहे का ते सांगणारी केएसव्हॅलिडेटर, आणि दोन आवृत्त्यांमध्ये कोणत्या आज्ञा बदलल्या ते दाखवणारी केएसव्हरडिफ. प्रीसीडची मांडणी तपासता येते, पण प्रश्नाचं नाव अजून अस्तित्वात आहे का हे ती तपासणी सांगत नाही. ते चालवूनच कळतं.

स्क्रिप्ट कुठून काय उतरवते, त्याचीही नोंद हवी. रेड हॅटच्याच घराण्यातल्या सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि पॅकेजांचे नेहमीचे पत्ते बंद पडले. फाइली संग्रहात होत्या, पण स्क्रिप्टला तो पत्ता कुठे ठाऊक? आपण वापरतो त्या आवृत्तीची शेवटची तारीख स्क्रिप्टच्या डोक्यावरच लिहून ठेवावी. इन्स्टॉलरची आयएसओ फाइल 'ताजी' म्हणून दर वेळी उतरवू नका. एक ठरवून ठेवा आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल तीच आहे हे पटवणारा आकडा, जुळला तरच पुढे जा. साठ मशीननी एकाच वेळी तीच पॅकेजं बाहेरून ओढू नयेत म्हणून लॅबमध्येच साठवण करणारा एक छोटा सर्व्हर ठेवला तर इंटरनेटवरचा ताण खूप कमी होतो.

पासवर्डाबद्दल थोडक्यात. उत्तर-फाइल सर्व्हरवर उघडी पडलेली असते, आणि लॅबमधला कोणताही विद्यार्थी ती ब्राउझरमध्ये वाचू शकतो. त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत लिहू नका. हॅश, म्हणजे त्याचं उलट न वाचता येणारं रूप, लिहा, आणि इन्स्टॉल आटोपल्यावर पासवर्डही बदला.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा प्रोग्राम) चालू देणारी सोय, वापरत असाल तर एक तारीख ध्यानात असू द्या. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून संपायला सुरुवात होते आणि त्यांची जागा २०२३ ची घेतात. जुन्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये नवी सर्टिफिकेटं नसतील तर फक्त नव्यांनी सही केलेला बूटलोडर तिथे नाकारला जाईल. इथे स्क्रिप्टचा दोष नसतो, पण शिव्या तिलाच बसतात.

कधी काय करायचं, याचं वेळापत्रक आपल्या सत्राशी जुळवावं लागतं. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते, डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे आपल्या कॉलेजांत वर्ग सुरू झाल्यावर. अशा वेळी लॅबला हात लावू नये. नवी आवृत्ती आली की व्हर्च्युअल मशीनवर लगेच चालवून बघा आणि काय काय मोडलं त्याची यादी करा, पण लॅबवर टाका पुढच्या उन्हाळी सुट्टीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना साठ मशीन एकदम चालू ठेवायची म्हणजे एसीचंही बघावं लागेल, म्हणून मी तर रांगेरांगेनं करा म्हणतो. पहिल्या रांगेत काही निघालं तर उरलेल्या रांगा वाचतात, हा वरचा फायदा.

लॅब असिस्टंट बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात आणि दोन-तीन वर्षांत बदलतात. त्यामुळे स्क्रिप्ट गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात हवी, आणि प्रत्येक बदलासोबत काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहायला हवं. काय बदललं ते फाइल बघून कळतंच. 'तिसऱ्या रांगेतल्या मशीनना नेटवर्क कार्ड उशिरा मिळतं म्हणून वीस सेकंद थांबवलं' हे मात्र लिहिणारा गेला की कोणालाच कळत नाही, आणि पुढचा माणूस ते वीस सेकंद निरुपयोगी समजून काढून टाकतो. हे मराठीत लिहिलं तरी चालतं. वाचणारा इथलाच असणार.

काही जण म्हणतात, एवढी कटकट कशाला, एक मशीन नीट तयार करून त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाकीच्यांवर उतरवा. क्लोनझिला नावाच्या साधनानं ते होतं, आणि सगळी मशीन हुबेहूब सारखी असतील तर वेगानंही होतं. पण प्रतिमा घेण्याआधी मशीनची ओळख ठेवणारी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायला आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) यजमान-किल्ल्या पुसायला विसरू नका. नाहीतर उबुंटू सर्व्हरसारख्या सिस्टीममध्ये नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीला सगळी मशीन एकच वाटतात, आणि दहा जणांना मिळून एक आयपी अ‍ॅड्रेस येतो.